निळी, राखाडी आणि तिचे मार्क

माझं काम कवळ्या बनवायचं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, त्यावरून मी प्लास्टरचा साचा काढतो, मेणात दात लावतो आणि तयार कवळी दवाखान्यात नेऊन देतो. बायको म्हणायची, "अहो, अख्ख्या गावाला हसवता आणि स्वतः मात्र तोंड पाडून बसता."

ती गेली त्याला तीन महिने झाले.

ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. सव्वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसली, पायाखाली जादा ब्रेक घेऊन. शिकाऊ लोकांच्या छोट्या गाड्या, चाळीसच्या वर काटा कधी गेला नाही. म्हणून तिच्या मनात एक होतं. जुनी का होईना, पण खरं इंजिन असलेली एक गाडी घ्यायची. स्पोर्ट सिडान. मी म्हणायचो, "कवळ्या पोचवायला स्पोर्ट सिडान? दात काय पळून जाणार आहेत?" ती म्हणायची, "दात नाही, मी पळून जाईन. स्कूलच्या त्या पांढऱ्या डबड्यात बसून कंबर गेली माझी."

गेल्या वर्षी आमची जुनी गाडी अगदीच खिळखिळी झाली, तेव्हा तिने दोन गाड्या शोधून काढल्या. दोन्ही एकाच डीलरकडे, दोन्ही सात वर्षं वापरलेल्या. एक निळी, सहा गिअरची, हाताने बदलायच्या गिअरची. दुसरी राखाडी, ऑटोमॅटिक. निळी बघून ती लहान मुलीसारखी हसली होती. बॉनेटवर हात फिरवून म्हणाली, "ही माझी." मग आम्ही दोन्ही चालवून बघितल्या. चालवून बघितल्या म्हणजे मी चालवल्या. तिला म्हटलं, तू चालव की, तुझीच हौस आहे. तर म्हणाली, "मला शेजारी बसूनच सगळं कळतं. इथेच तर आयुष्य गेलं." एका गुरुवारी निळी, त्या शनिवारी राखाडी. राखाडीतून अर्ध्या रस्त्यात म्हणाली, "चला घरी, दमले मी." दोन्ही वेळा मांडीवर वही होती आणि ती काहीतरी लिहीत होती.

पुढच्या बुधवारी तिने सांगितलं की रिपोर्ट आलाय आणि तो चांगला नाही. मग चार महिने दवाखाना. जुनी गाडी त्या धावपळीतच बंद पडली. नव्या गाडीचं नाव कोणी काढलं नाही.

मधल्या काळात आमचा कारखाना गावाबाहेर हलला. मग मला दोन बस बदलून जावं लागायचं, मांडीवर कवळ्यांची पेटी घेऊन. पेटी जड असते, साचे असतात त्यात. मागच्या महिन्यात बसने गचका दिला, पेटी खाली गेली आणि एका आजीबाईंच्या वरच्या दातांचे दोन तुकडे झाले. आजीबाई आठ दिवस पेज पिऊन राहिल्या. तेव्हा ठरवलं, गाडी घ्यायची.

डीलरला फोन केला. दोन्ही गाड्या तिथेच होत्या. तो म्हणाला, "साहेब, अशा गाड्या बघायला गर्दी असते, घ्यायला कोणी येत नाही. पेट्रोल पितात ना. पण निळीसाठी आता एक गिऱ्हाईक लागलंय. शनिवारपर्यंत सांगा, नाहीतर जाईल."

मला खरं तर सांगायला शनिवार लागणार नव्हता. निळीच घ्यायची होती. तिची होती ती. तिला घेता आली नाही, निदान मी तरी घेईन, रोज तीत बसेन, एवढंच मनात होतं. पण आधी वही काढली. तिने एवढं लिहिलंय, तर वाचायला पाहिजे.

वहीत दोन पानं होती. वर तारीख, खाली यादी, प्रत्येकासमोर पाचपैकी मार्क. निळीच्या पानावर असं होतं: आरसा दोन, क्लच एक, गिअर दोन, वळण तीन, ब्रेक दोन, चढ शून्य, रिव्हर्स दोन. सगळ्यात खाली "एकट्याने?" आणि पुढे "नाही", त्याच्याखाली दोन रेघा. राखाडीच्या पानावर आरसा तीन, क्लचसमोर नुसती रेघ, गिअरसमोर रेघ, वळण चार, ब्रेक चार. तिथून पुढे कोरं. तिथेच ती दमली होती.

मला वाईट वाटलं. एवढी आवडलेली गाडी आणि तिला चढावर शून्य? पण तिला गाड्यांतलं कळायचं. आणि ते "एकट्याने? नाही" मी असं समजलो की सौदा करायला एकट्याने जाऊ नका, फसवतील. मी भाव करण्यात कच्चा, हे तिला ठाऊक होतं. म्हणून शनिवारी मेहुण्याला बरोबर घेतलं.

माझा मेहुणा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तिनेच त्याला आपल्या स्कूलमध्ये शिकवायला लावलं होतं. आवाज असा की ती त्याला भोंगा म्हणायची, आणि आता सगळं स्कूल भोंगाच म्हणतं.

डीलरच्या आवारात निळी उन्हात उभी होती. मी मेकॅनिकला बोलावून सांगितलं, "क्लच खराब आहे हिचा. आणि चढावर जीव नाही."

मेकॅनिकने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या पोरीला नकटी म्हटलं. "कोण म्हणालं? क्लच गेल्या वर्षी नवा टाकलाय. आणि चढ? काका, भिंतीवर चढेल ही."

तो स्वतः बसला, मागच्या उड्डाणपुलाच्या चढावर मला घेऊन गेला, मध्येच थांबवली, आणि गाडी सुटली ती बाणासारखी. मला काही समजेना. तिच्या हातून असली चूक होणार नाही. परत आलो तर भोंगा डीलरच्या टेबलावर पाय पसरून चहा पीत होता.

"काय भाऊजी, आलात का उडून?"

"अरे, हे बघ," मी वही पुढे केली. "तुझ्या ताईने चढाला शून्य दिलंय. आणि गाडी तर चढते."

त्याने चहा खाली ठेवला. पान बघितलं आणि आधी मोठ्याने हसला. "भाऊजी, चढाला शून्य? अहो, तुम्ही मागे आला असणार घरंगळत!"

"मी कशाला?"

"आला होतात की नाही?"

आलो होतो. मला आठवलं. त्याच पुलावर सिग्नलला थांबलो, सुटताना क्लच सांभाळता आला नाही, गाडी मागे गेली, मागच्या टेम्पोवाल्याने शिव्या घातल्या. तिने तेव्हा हात लांब करून हँडब्रेक ओढला होता.

भोंगा हसायचा थांबला. त्याने पान उलटलं, पुन्हा पहिल्या पानावर आला. त्याचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "भाऊजी, हे गाडीचे मार्क नाहीत. तुमचे आहेत. आमच्याकडे शिकाऊ माणसाला हेच मार्क देतात. ही यादी ताईनेच केलीय, आम्ही सगळे तीच वापरतो. गाडीला आरसा बघण्याचे मार्क कोण देईल?"

"आणि हे खालचं?"

"एकट्याने. म्हणजे या माणसाला आता एकट्याने सोडावं का. तो शेवटचा प्रश्न असतो. तिथे 'नाही' आलं की आम्ही परीक्षेला पाठवत नाही."

मी खुर्चीत बसलो. तिच्या स्कूलचे कागद मी कधी बघितले नव्हते. लायसन्स माझं लग्नाआधीचं, पण गाडी ती असली की तीच चालवायची. मी कधी चालवली तर ती शेजारून सांगत राहायची. आरसा. सिग्नल द्या. आता सोडा. मी तिच्या सांगण्यावर गाडी चालवायचो, रस्त्यावर नाही.

मग मी तारीख बघितली. निळीचा गुरुवार. रिपोर्ट आला त्याच्या आधीचा.

"पण तेव्हा तर काहीच नव्हतं," मी म्हणालो. "तिला माझी परीक्षा कशाला घ्यायची होती?"

भोंग्याने माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावरच्या चाव्या इकडून तिकडे केल्या.

"बोल की."

"रिपोर्ट त्या गुरुवारच्या आधी, सोमवारीच आला होता, भाऊजी. मीच नेलं होतं तिला. शपथ घातली तिने मला. म्हणाली, मला थोडे दिवस दे, एक काम उरकायचंय, मग मी सांगते त्यांना."

मला त्याचा राग आला. त्याला म्हटलं, "सात महिने तू गप्प बसलास? तू? भोंगा?" तो म्हणाला, "एकदाच गप्प बसलो आयुष्यात. तेही ताईने सांगितलं म्हणून." त्याचे डोळे भरले होते. डीलर उठून बाहेर गेला, फोन आल्यासारखं करत. चांगला माणूस होता.

निळीवर हात फिरवून ही माझी म्हणाली होती ती. ते त्याच गुरुवारी, म्हणजे सोमवारनंतर. म्हणजे तिला ठाऊक होतं की ही तिची नाही. तरी हसली. आणि मग शेजारच्या सीटवर बसून तिने बघितलं, आपल्यामागे हा माणूस कुठल्या गाडीत सुखरूप घरी पोचेल.

 मग भोंगा उठला आणि राखाडीची चावी घेतली. "चला. ताईचं पान अर्धं राहिलंय."

तो शेजारी बसला, वही मांडीवर घेऊन, अगदी तिच्यासारखी. मी पुलावर गेलो. चढावर थांबलो, ब्रेक सोडला. गाडी जागची हलली नाही, मग सावकाश पुढे गेली. त्याने पाच लिहिले. रिव्हर्सला तीन दिले. "चार दिले असते, पण त्या कुंडीला विचारा." डीलरच्या आवारामागच्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. वळणावर मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, तो सांगेल म्हणून. तो ओठ मिटून बसला होता.

एका कोपऱ्यावर म्हणाला, "थांबवा." दार उघडून उतरला. वही सीटवर ठेवली.

"कुठे चाललास?"

"खालचा प्रश्न शेजारी बसून भरता येत नाही. या जाऊन एकटे. मी इथेच आहे."

मी निघालो. पुढे चौक होता. मी थांबलो आणि वाट बघत राहिलो. रस्ता मोकळा होता, तरी मी वाट बघत राहिलो. कोणीतरी आरसा म्हणेल म्हणून. मागून हॉर्न वाजला. मग मीच म्हणालो, "आरसा." माझाच आवाज, पण गाडीत कोणी बोललेलं बरं वाटलं. आरसा बघितला, सिग्नल दिला, वळलो. पुढचा रस्ता मला नीट दिसत नव्हता, म्हणून कडेला घेऊन थोडा वेळ थांबलो. तेही ती शिकवायची. डोळ्यांत पाणी असताना चालवायचं नाही.

राखाडी घेतली. निळी त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने नेली. नेताना मी तिथे थांबलो नाही.

आता रोज सकाळी कवळ्यांची पेटी शेजारच्या सीटवर ठेवतो. पेटी जड, त्यामुळे गाडीला वाटतं माणूस बसलंय, आणि पट्टा लावेपर्यंत ती टिंग टिंग करत राहते. पेटी मागे ठेवली तर वाजणार नाही, हे मला भोंग्याने दहा वेळा सांगितलंय. मी ती पुढेच ठेवतो आणि पट्टा लावतो. वही पुढच्या कप्प्यात आहे. शेवटचा प्रश्न अजून कोरा आहे. भोंगा अधूनमधून विचारतो, "भरलं का भाऊजी?"

मी म्हणतो, "मार्क द्यायचं काम माझं नाही." आणि आरसा बघून निघतो.