पैलवानाचं वजन

माझ्या पान्यापेक्षा माझी जीभ जास्त चालते, असं बायको म्हणते. खोटं नाही ते. पण त्या दिवशी क्लबच्या मैदानावर मला बोलावलं होतं ते पाना चालवायलाच. गवत कापायचं मशीन चालू होत नव्हतं. हाताने ढकलायचं नव्हे, वर बसून चालवायचं, छोट्या ट्रॅक्टरसारखं.

ते चालवायचा पैलवान. कुस्ती त्याने जन्मात केली नव्हती, पण एके काळी पंच्याण्णव किलोचा गडी, म्हणून ते नाव पडलेलं. पोटाच्या दुखण्याने चार महिने हॉस्पिटलात काढून तो नुकताच कामावर परत आला होता आणि आता शर्टाच्या आत शोधावा लागत होता. नाव मात्र तेच राहिलं. उलट हाक मारताना लोकांना जास्त मजा यायची. मलाही यायची.

मॅनेजरसाहेबांनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं. रविवारी सामने आहेत, आज दुपारपर्यंत मैदान कापून दाखव, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो. नोकरी गेली की मैदानामागची खोलीही जाणार होती. त्या खोलीच्या दारात त्याची बायको कपडे वाळत घालत होती, म्हणजे एकच टॉवेल पुन्हा पुन्हा झटकत होती. सगळं लक्ष आमच्याकडे.

"काय करतंय?" मी विचारलं.

"काहीच करत नाही, तेच तर," पैलवान म्हणाला. "चावी फिरवली की मढ्यासारखं गप्प. ब्रेक दाबला, पात्यांचा खटका बंद केला, सगळं नेहमीसारखं. मिस्त्री, काहीही करा, पण आज चालू करून द्या."

मी बॅटरी तपासली. भरलेली होती. तारा घट्ट, फ्यूज शाबूत. मग मी स्वतः वर बसलो. माझं पोट स्टिअरिंगला टेकतं, ते सावरून ब्रेक दाबला, चावी फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू. बंद केलं, पुन्हा फिरवली, पुन्हा सुरू.

"बसा आता," मी म्हणालो.

पैलवान बसला. गप्प. मी बसलो, सुरू. तो बसला, गप्प. तोवर चहाचे कप घेऊन साहेब आणि कारकून बाहेर आले होते. पैलवान चौथ्यांदा चावी फिरवत होता आणि त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

"नाचता येईना, अंगण वाकडं," कारकून म्हणाला.

तेवढ्यावर थांबलं असतं. पण दुसऱ्याने विनोद केला की मला राहवत नाही.

"साहेब, मशीन ठणठणीत आहे," मी म्हणालो. "फक्त ते याला ओळखत नाही. म्हणतंय, हा कोण पाप्याचं पितर, आधी आमचा पैलवान आणा!"

साहेब असे हसले की चहा बशीत सांडला. इतक्या वर्षांत माझ्या बोलण्यावर ते कधी हसले नव्हते. मला काय चेव आला! पुन्हा एकदा चालू करून दाखवायला मी सीटवर चढलो आणि ब्रेकवर पाय देऊन, कोण कोण हसतंय ते बघायला अर्धवट उठलो. त्याच अवस्थेत चावी फिरवली.

मशीन गप्प.

मी खाली सीटकडे बघितलं आणि मला आठवलं. अशा मशीनच्या सीटखाली एक बटण असतं. माणसाच्या वजनाने सीट दबली की बटण दबतं आणि मगच इंजिनाला करंट मिळतो. कुणी पडलं, उतरलं, तर पाती फिरत राहू नयेत म्हणून ती सोय. पैलवानाच्या वजनाने सीटची स्प्रिंग दबतच नव्हती. हे त्याला कळणार कसं? माणूस शिस्तीचा. आधी चावी बंद, मग पाय खाली. मशीन आलं त्या वर्षापासून एकदाही तो चालू मशीनवरून उतरला नव्हता. एकदा जरी घाईत उतरला असता, तरी इंजिन आपोआप बंद पडलेलं त्याने पाहिलं असतं.

बटणाखाली दोन वॉशर सरकवून ते जरा वर उचलायचं, की काम झालं. दोन मिनिटं लागतात. वॉशर माझ्या खिशात होते.

मी तोंड उघडलंही. पण साहेब माझा विनोद कारकुनाला पुन्हा सांगत होते, माझा आवाज काढून. तो विनोद परत घ्यावासा मला वाटेना. शिवाय एवढ्या मोठ्या मेकॅनिकला साधं बटण आठवलं नाही, हे सांगायचं कोणत्या तोंडाने? मी नीट बसलो, इंजिन चालू केलं, बंद केलं आणि उतरलो.

"मिस्त्री," पैलवान हळूच म्हणाला, "माझं कुठे चुकतंय? एकदा सांगा. रागावू नका."

"आता आराम करा, पैलवान," मी म्हणालो.

साहेबांनी महिनाअखेरीला खोली रिकामी करायला सांगितलं. तिकडे टॉवेल झटकणं थांबलं.

महिनाअखेरीला मला पुन्हा बोलावणं आलं. नवा माणूस ठेवला होता, उंच आणि काडीसारखा, आणि मशीन त्याच्याही हातून चालू होईना. या वेळी अंगण वाकडं असं कुणी म्हणालं नाही. मी मुकाट्याने सीट उचलली, दोन वॉशर घातले. चालू झालं. साहेब म्हणाले, "वा!" आणि आत गेले.

मागे टेम्पोत सामान चढत होतं. इंजिनाचा आवाज ऐकून पैलवान हातातला पंखा तसाच घेऊन आला, मागून त्याची बायको.

"काय निघालं?" त्याने विचारलं.

मी बटणाचं सांगितलं. तो ऐकत राहिला. सीटकडे बघितलं, त्या काडीकडे बघितलं.

"म्हणजे माझं वजन कमी पडत होतं?"

"हो."

"तेव्हा लक्षात आलं नाही तुमच्या?"

"नाही हो," मी म्हणालो. "आत्ताच कळलं."

वाटलं, आता शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. पण त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"अगं, ऐकलंस का?" तो बायकोकडे वळला. "माझं चुकत नव्हतं! महिनाभर मला झोप नाही, म्हटलं डोकं गेलं का काय आपलं. सांगा ना मिस्त्री, हिला सांगा!"

मी सांगितलं. पंखा खाली ठेवून त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. मग त्या नव्या माणसाला म्हणाला, "एकदा बसू का रे?" तो उतरला. पैलवान चढला, ब्रेक दाबला, चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. तो हसत बसून राहिला, मैदानभर नजर फिरवत.

त्याची बायको माझ्याजवळ उभी होती. इंजिनाच्या आवाजात तिचं बोलणं मला एकट्यालाच ऐकू आलं.

"त्या दिवशी तुम्ही अर्धे उठला होतात, भाऊ. तेव्हा ते चालू झालं नव्हतं. मी बघत होते. तुमचा चेहराही बघितला होता. तेव्हा अर्थ कळला नाही."

मी पाना पिशवीत टाकला.

"यांना नाही सांगणार मी," ती म्हणाली. "बघा ना, किती खूश आहेत."

पैलवानाने आधी चावी बंद केली, मग पाय खाली ठेवला. बायकोने पंखा उचलला आणि दोघं टेम्पोकडे गेली.