कोब्यातली ओल

सुनेने पात्याने पारदर्शक पेटीची कड कापली, आतली डबी चिमटीत धरून बाहेर काढली आणि झटकन तिचे झाकण लावले. तिचा सासरा, मिस्त्री, भिंतीला टेकून बघत होता. तीन दिवस ती पेटी खिडकीखालच्या सिमेंटच्या कोब्यावर चिकटवून ठेवलेली होती. डबीत ओल ओढून घेणारे मीठ होते. कोब्यातून जितकी वाफ वर येईल तितके मीठ जड होणार, एवढे मिस्त्रीला कळले होते, आणि कळल्यापासून त्याला घास गोड लागत नव्हता.

वाचनालयाच्या या दालनाचा कोबा त्याने घातलेला, आणि त्यावर लाकडी पट्ट्या बसवायचे काम सुनेचे. ओल जास्त निघाली तर पट्ट्यांचा गोंद धरणार नाही, कोबा फोडावा लागेल. पण मिस्त्री धास्तावला होता तो निराळ्याच कारणाने. खिडकीखालचा शेवटचा माल कालवताना त्याने पाण्याची बादली ओतली, आणि रिकामी बादली खाली ठेवताना त्याच्या मनात आले, आधी एक ओतली होती की काय? चाळीस वर्षांत असे कधी झाले नव्हते. माल पातळ दिसत नव्हता, पण ज्या डोक्याला बादली आठवत नाही त्याच्या डोळ्यांवर तरी काय म्हणून भरवसा ठेवायचा? पेटी खिडकीखालीच लाव, असे त्यानेच सुनेला सांगितले होते. का, ते मात्र सांगितले नव्हते.

सुनेने डबी वजनकाट्यावर ठेवली.

“एक पॉइंट आठ ग्रॅमनं वाढली.”

कामावर देखरेख करणाऱ्या इंजिनिअरने मोबाइलवर बोटे चालवली. माणूस स्वभावाने वाईट नव्हता, फक्त त्याला सगळ्याची घाई असे. “म्हणजे एका चौरस मीटरमागे दिवसाला तेरा ग्रॅम,” तो म्हणाला आणि गोंदाच्या डब्यावर वाकला. “इथं मर्यादा दिलीय तीन. तेरा म्हणजे चौपटीच्या वर गेलं, मिस्त्री. पाणी जरा सढळ हातानं पडलेलं दिसतंय.”

मिस्त्रीने कोब्यावरून तळहात फिरवला. “पडलं असेल,” तो म्हणाला.

सुनेने वळून पाहिले. एका विटेवरून तासभर हुज्जत घालणारा हा माणूस.

“असेल काय, बाबा? तुम्ही कधीपासून ‘असेल’ म्हणायला लागलात?”

मिस्त्री कोबाच चाचपत राहिला. तिने डबा पुढ्यात ओढला आणि त्यावर सुकलेला गोंद नखाने खरवडू लागली.

“साहेब, हे तीन कशाचे तीन?”

“म्हणजे?”

“ग्रॅम कुठं लिहिलंय? हे बघा. पौंड. हजार चौरस फुटांमागे, चोवीस तासांत.”

इंजिनिअरने चष्मा कपाळावर चढवून बारीक अक्षरे वाचली. “मग तेरा ग्रॅमचे पौंड करू या.”

“नुसत्या ग्रॅमचे पौंड करून भागायचं नाही. जागा पण बदलते ना. तुमचा मीटर आहे, त्यांचे हजार फूट.” तिने कानावरची पेन्सिल काढली आणि एका पट्टीच्या पाठीवर आकडे मांडले. “आपली पेटी अर्ध्या चौरस फुटाची. तीन दिवसांत एक पॉइंट आठ, म्हणजे दिवसाला पॉइंट सहा. पुऱ्या फुटाला एक पॉइंट दोन. हजार फुटांना बाराशे ग्रॅम. चारशे चोपन्न ग्रॅमचा एक पौंड.”

पेन्सिल थांबली. मिस्त्रीला पट्टीवरचे आकडे दिसत होते, पण ते वाचायचे धाडस होत नव्हते.

“दोन पॉइंट चौसष्ट,” ती म्हणाली. “तीनच्या आत.”

इंजिनिअरने स्वतः दोनदा हिशेब करून पाहिला. मग त्याने कान खाजवला. “चूक माझीच. कोबा खणखणीत आहे, मिस्त्री. उद्यापासून पट्ट्या लावा.” आणि ही बातमी वर सांगायला तो जिन्याकडे गेला.

मिस्त्री होता तिथेच खाली बसला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. आता कोणी काही विचारणार नव्हते. गप्प बसला असता तरी चालले असते.

“मला आठवत नव्हतं,” तो म्हणाला.

“काय?”

“शेवटच्या मालात पाणी एकदा ओतलं की दोनदा. म्हणून पेटी इथं लावायला सांगितली.”

सून त्याच्या शेजारी येऊन बसली. “हे तीन दिवस पोटात ठेवलंत?”

“तीन महिने. कोबा घातला त्या दिवसापासून.”

तिने आकड्यांची पट्टी त्याच्यापुढे धरली. “एकदाच ओतलंत, बाबा. आकडाच सांगतोय की.”

“या खेपेला. पुढच्या खेपेचं काय?”

असे काही होत नाही, हे तिच्या ओठांवर आलेले त्याला दिसले. तिने ते गिळलेलेही दिसले, आणि त्याला तिच्याबद्दल फार बरे वाटले.

“पुढच्या कामाला पाणी मी मोजते,” ती म्हणाली.

हे ऐकून आपल्याला लागेल, असे त्याला वाटले होते. उलट खांद्यावरचे पोते कोणी उतरवून घ्यावे तसे झाले.

“आणि थापी?”

“थापीला हात लावायची माझी काय बिशाद.”

मिस्त्री कितीतरी दिवसांनी मोकळा हसला. वरच्या मजल्यावर इंजिनिअरचा आवाज येत होता, तिथेही कोणीतरी हसत होते.

“घरी मी काही बोलणार नाही,” सून हळूच म्हणाली.

“नको, बोल. तुझ्या नवऱ्याला तूच सांग,” मिस्त्री म्हणाला. “दुसऱ्यांदा माझ्याच्यानं सांगवणार नाही.”