गळ्याखालचा उजेड

मी आरसा बोलतोय. भिंतभर पसरलेला, सोनेरी चौकटीतला वगैरे नव्हे. तळहाताहून जरासा मोठा, एक कोपरा उडालेला, पाठीवरचा मुलामा जागोजागी काळा पडलेला हातआरसा. सलूनमध्ये केस कापून झाले की मानेमागे धरतात ना, तो मी. आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. आत्ता हे बोलतानाही माझा जीव थाऱ्यावर नाही, कारण मला एका झाडूच्या दांड्याला बांधून खिडकीत उंच उभं केलंय. ही वेळ माझ्यावर कशी आली ते सांगतो.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. मोठ्या काचेवर एकाने रेघ ओढली, कट्कन आवाज झाला आणि मी वेगळा झालो. माझ्या कानांवर पडलेले पहिले शब्द होते, "सांभाळून, फुटेल!" जन्मल्या जन्मल्या ज्याला हे ऐकावं लागतं, तो धीट कसा होणार? पाठीला मुलामा चढला, कडा घासल्या, आणि गवतात गुंडाळून मला खोक्यात भरलं. प्रत्येक धक्क्याला वाटे, संपलो.

मला विकत घेतलं एका तरुण न्हाव्याने. त्याचं लहानसं दुकान होतं. तिथले दिवस सुखाचे. काम एवढंच, गिऱ्हाइकाला त्याची मान दाखवायची. माणसांची एक गंमत मला तिथे कळली. मागे आरसा धरला की माणूस "बरंय, बरंय" म्हणून मान डोलावतो, पण बघत कुणीच नाही. उठायची घाई असते. न्हाव्याला याचा राग यायचा. "अहो, बघा तरी! मी काय भिंतीला दाखवतोय?" असं तो म्हणायचा.

मग युद्ध आलं. न्हावी सैन्यात गेला आणि वस्तारा, ब्रश, चामड्याचा पट्टा यांच्याबरोबर मीही त्याच्या पिशवीतून गेलो. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी साफ नाही म्हणालो असतो.

आमचा मुक्काम खंदकात होता. खंदक म्हणजे जमिनीत खणलेली वाकडीतिकडी गल्ली, डोक्यापेक्षा थोडी खोल. खाली चिखल, दोन्ही बाजूंना वाळूची पोती आणि वर आभाळाची एक पट्टी. समोर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर, त्यांचा खंदक. डोकं वर काढलं की गोळी. त्यामुळे सगळे वाकून चालत, वाकून जेवत, झोपेतसुद्धा वाकलेले असत.

न्हाव्याला सगळे 'भादऱ्या' म्हणायचे. रोज सकाळी तो तुकडीतल्या प्रत्येकाची दाढी करायचा. तुम्हाला वाटेल, मरणाच्या दारात कसली आलीय दाढी? पण ती रुबाबासाठी नव्हती. पलीकडून विषारी वायू सोडत. त्यापासून वाचायला रबराचा मुखवटा होता आणि तो कातडीला घट्ट चिकटला तरच उपयोगाचा. मध्ये दाढीचे खुंट राहिले तर फट राहते आणि फटीतून वायू आत शिरतो. म्हणून दाढी अगदी गुळगुळीत हवी, जबड्याखाली तर हवीच हवी.

जबड्याखालीच नेमका अंधार असतो, आणि खंदकात तर विचारूच नका. त्यावर आमच्या तुकडीने एक रीत काढली होती. रांगेत ज्याचा पुढचा नंबर असेल त्याने मला हातात धरायचं आणि आभाळाचा उजेड माझ्यावर घेऊन खोक्यावर बसलेल्याच्या गळ्याखाली पाडायचा. त्या उजेडात भादऱ्या वस्तारा चालवायचा. हे काम मला आवडायचं. माझ्यामुळे कुणाचं तरी भलं होतंय असं वाटायचं.

शेवटचा नंबर नेहमी गवंड्याचा. तो घरी खरोखरच गवंडीकाम करायचा. खंदकाची ढासळलेली बाजू रचायचं काम त्याच्याकडे असल्याने हात सदा चिखलाने भरलेले. वाळूची पोतीसुद्धा तो ओळंबा लावल्यासारखी सरळ रचायचा. कुणी चेष्टा केली की म्हणायचा, "उद्या तोफेने उडालं तर उडू दे. पण उडेपर्यंत सरळ दिसलं पाहिजे." त्याची दाढी राठ, सकाळी केली की दुपारी पुन्हा खुंट. त्याच्या मागे मला धरायला कुणी नसायचं, म्हणून त्याने पोत्यांच्या मधोमध माझ्या मापाची एक खाच ठेवली होती. तिथून उजेड बरोबर त्याच्या गळ्यावर पडायचा.

माझं दुसरं काम मात्र भयंकर होतं. मला काठीला बांधून खंदकाच्या वर धरत. खाली बसलेला पहारेकरी माझ्यात बघून पलीकडची हालचाल टिपायचा. तो खाली सुरक्षित आणि मी वर, एकटा, उघड्यावर. मी चमकतो हो! न चमकणं मला जमत नाही. एकदा गोळी आली आणि माझा कोपरा घेऊन गेली. तेव्हापासून मला उंचीची धास्ती.

पहाऱ्याला बहुतेक वेळा वेटर असायचा. हॉटेलात वाढण्याचं काम केलेला, सडपातळ, फार घाबरट. माझं त्याच्याशी पटायचं. घाबरला की तो जास्तच अदबीने बोलायचा. त्या सकाळी गवंड्याची दाढी अर्धी झाली होती. वेटर वाकत वाकत आला.

"माफ करा, आरसा मिळेल का? वारा फिरलाय. आणि पलीकडे काहीतरी सुं सुं वाजतंय."

"अरे थांब ना दोन मिनिटं," भादऱ्या म्हणाला, "ह्याचा गळा राहिलाय."

"दे रे त्याला," गवंडी फेसातून हसला. "माझा गळा कुठे पळून जातोय?"

मला खाचेतून काढलं, काठीला बांधलं आणि वर केलं. भादऱ्याने गवंड्याचा गळा नुसत्या बोटांच्या अंदाजाने उरकला.

मी वर गेलो आणि मला तो दिसला. जमिनीलगत, हिरवट पिवळा, हळूहळू सरकत येणारा धूर. त्याला काही घाई नव्हती. मी थरथरलो की काठी थरथरली, मला माहीत नाही. वेटर किंचाळला, "वायू! वायू आला!" आणि काठी त्याच्या हातून सुटली. मी चिखलात पडलो, तोंड वर करून.

एकच पळापळ झाली. भादऱ्या मुखवटा चढवून वळणापलीकडच्या लोकांना सावध करायला धावला. गवंड्यानेही मुखवटा चढवला. वेटरचा मात्र हातातून निसटून चिखलात गेला. तो डोळे गच्च मिटून, भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि नुसता "माफ करा, माफ करा" म्हणत राहिला.

यापुढचं फक्त मी पाहिलं. गवंडी गुडघ्यांवर बसून चिखल चाचपू लागला. मुखवट्याच्या काचांवर वाफ धरली होती, त्याला काही दिसेना. तेव्हा त्याने आपला मुखवटा कपाळावर सारला. मोकळ्या डोळ्यांनी शोधलं, वेटरचा मुखवटा उचलला, त्याच्या तोंडावर बसवला, पट्टे ओढून नीट आहेत ना ते पाहिलं, आणि मग आपला खाली घेतला. तोवर धूर आत उतरला होता. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो. पण आरशाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

भादऱ्या परतला तेव्हा गवंडी आडवा पडला होता. भादऱ्याने त्याचा मुखवटा काढला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि सवयीने त्याच्या जबड्याखालून बोट फिरवलं. डाव्या बाजूला खुंटांची एक पट्टी राहिली होती. भादऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझ्या हातून राहिलं," तो म्हणाला. "इथूनच आत गेलं."

वेटरने काही पाहिलं नव्हतं, मुखवटा आपणच चढवला अशी त्याची समजूत होती. पुढच्याच आठवड्यात त्याच जागी गोळी लागून तोही गेला. म्हणजे खरं काय झालं ते जाणणारा जगात मी एकटा उरलो, आणि मला तोंड नाही. मी समोर असेल तेवढंच दाखवू शकतो. समोरून गेलेलं दाखवता येत नाही, हे माझं दुर्दैव.

युद्ध संपलं. भादऱ्या घरी आला, दुकान पुन्हा उघडलं. मला त्याने इतक्या खाली टांगलं की गिऱ्हाइकं विचारत, "हा काय मांजरासाठी लावलाय?" मी मनातून त्याचे आभार मानले. दाढी करताना तो प्रत्येकाच्या जबड्याखालून बोट फिरवायचा, पुन्हा पुन्हा फिरवायचा. लोक वैतागत, "गळा सोलणार आहात का?" म्हणत, पण येत त्याच्याकडेच. दार जोरात आपटलं की त्याच्या हातातला वस्तारा आपोआप बंद व्हायचा आणि तो खुर्चीमागे खाली बसायचा. लोक नजर दुसरीकडे वळवत.

एकदा गवंड्याची बहीण दुकानात आली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत अवघडून बसली आणि तिने विचारलं, "भाऊ, तुम्ही जवळ होतात ना? काय झालं होतं नेमकं?" भादऱ्या रिकाम्या वाटीत ब्रश घुसळत राहिला. शेवटी म्हणाला, "त्रास झाला नाही त्याला." ती गेल्यावर त्याने दुकान बंद केलं. त्या दिवशी मला फुटून जावंसं वाटलं, आणि फुटण्याची तर मला सगळ्यात जास्त भीती.

दुकानासमोरच्या चौकात पुढे एक दगडी खांब उभा राहिला. त्यावर न परतलेल्यांची नावं कोरली. दर वर्षी एका सकाळी लोक तिथे जमतात, बिगूल वाजतो आणि सगळे मान खाली घालून गप्प उभे राहतात. भादऱ्या कधीच गेला नाही. त्या सकाळी तो पडदे ओढायचा आणि खिडकीच्या खाली, भिंतीला टेकून जमिनीवर बसायचा.

वर्षं गेली. दुकान आता त्याची नात चालवते. तो स्वतः वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलाय. आज ती सकाळ होती. नात पडदे ओढायला गेली तर म्हातारा म्हणाला, "राहू दे. या वर्षी बघायचंय मला."

"मग उठवून बसवते ना, आजोबा."

"नको!" तो घाबरून ओरडला. "डोकं वर काढायचं नाही!"

नातीने पडदा तसाच सोडला. मग खाली आली, मला भिंतीवरून काढलं, झाडूच्या दांड्याला टॉवेलने करकचून बांधलं आणि वर नेलं. मला कळलं काय होणार ते. माझं अवसानच गेलं. नको ग बाई, मी म्हातारा झालोय, माझा एक कोपरा आधीच गेलाय! पण दांडा वर गेला. खिडकीच्या चौकटीवरून मी बाहेर पाहिलं आणि गोळीची वाट बघू लागलो.

गोळी आली नाही. खाली माणसं उभी होती, टोप्या हातात, माना खाली. बिगूल थांबला होता. इतकी शांतता मी फक्त खंदकात ऐकली होती, हल्ल्याच्या आधी. म्हातारा अंथरुणावरून माझ्यात एकटक बघत होता. एकेक चेहरा बघत होता.

"दाढ्या झाल्यात सगळ्यांच्या," तो पुटपुटला. "छान झाल्यात." आणि एकदम त्याचा श्वास वाढला. "तो कोपऱ्यातला! त्याची राहिलीय. बोलाव त्याला, आत्ताच्या आत्ता बोलाव!"

"अहो, तो समोरचा बेकरीवाला. पहाटेपासून भट्टीपाशी असतो, त्याला वेळ कुठे—"

"वारा फिरलाय ग!"

तिने मला खिडकीच्या कडीत अडकवलं आणि ती धावत खाली गेली. शांतता संपताच बेकरीवाल्याला बाहीला धरून घेऊन आली. दांडगा माणूस, दाढीत पीठ. "अहो ताई, दुकान उघडं टाकून आलोय," म्हणत होता, पण म्हाताऱ्याचा चेहरा पाहून अंथरुणाजवळच्या खुर्चीत बसला. नातीने फेस लावला. म्हाताऱ्याने हात पुढे केला. मला सोडवून त्याच्या हातात दिलं.

त्याने खिडकीतला उजेड माझ्यावर घेतला आणि बेकरीवाल्याच्या गळ्याखाली पाडला. उजेड हलत होता. तो स्थिर होई तेव्हाच नात वस्तारा चालवी, हलला की थांबे. घाई कुणीच केली नाही. झाल्यावर म्हाताऱ्याने मला पुढे केलं. बेकरीवाला आता "बरंय" म्हणून उठणार, मी पैज लावली असती. पण त्याने मला हातात घेतलं, हनुवटी वर केली, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, जबड्याखालून बोट फिरवलं.

"काही राहिलं नाही, आजोबा," तो म्हणाला.

म्हातारा रडला. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं. मग त्याला झोप लागली. जाता जाता बेकरीवाल्याने मला पुन्हा दांड्यावर बांधून खिडकीत उभं केलं. त्याला वाटलं, माझी जागा तीच.

तर मी असा वर आहे आणि म्हाताऱ्याचा चेहरा माझ्यात दिसतोय. श्वास फार हळू चाललाय. चौक मोकळा होतोय, पण तुम्ही अजून खाली उभे आहात, तुमच्यापर्यंत माझी तिरीप पोचतेय. मला खाली घेतलं नाहीत तरी चालेल. पण जिना चढून वर या, दार उघडंच आहे. गवंडी गेला तो त्या खुंटांच्या पट्टीमुळे नव्हे, वेटरला वाचवताना, हे म्हाताऱ्याला सांगा. तुम्हाला तोंड आहे. मला फार भीती वाटतेय, लवकर या.