सफारीखालचे पिस्तूल

मी एक जुने पिस्तूल आहे. मित्रांनो, नाव ऐकून दचकू नका. सिनेमात दिसते तसले दांडगे प्रकरण मी नव्हे. मी तळहातावर मावतो. आयुष्यभर माझे कौतुक झाले ते एवढ्याच गोष्टीचे, आणि आज वाईट वाटते तेही तिचेच.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझ्या कडा घासून गोल केल्या, म्हणजे खिशातून काढताना कापडात अडकू नयेत. देवळालीच्या एका लष्करी अधिकाऱ्याने मला इकडे आणले. ते वारले तेव्हा मी नाशिकमधल्या एका शस्त्रांच्या दुकानात विक्रीला आलो. शेजारी लांब नळीच्या बंदुका ऐटीत उभ्या असत. गिऱ्हाइके त्यांना न्याहाळत आणि मला पाहून हसत. "याने सिगारेट पेटवायची का?" असे एकाने विचारले होते. ते मला फार लागले.

१९९५ साली सोमनाथराव आणि त्यांची पत्नी उज्वलाताई दुकानात आले. सोमनाथराव मूळचे निफाडकडचे. अंबडला त्यांचा पत्र्याचे सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना होता. एका संध्याकाळी घरी येताना दोन अनोळखी माणसांनी त्यांची स्कूटर अडवून त्यांना सळईने मारले होते. कोणी आणि कशासाठी, ते पोलिसांनाही कळले नाही. खांद्याचे हाड जुळले, पण भीती गेली नाही. म्हणून त्यांनी परवाना काढला होता.

दुकानदाराने आधी एक मोठे रिव्हॉल्व्हर पुढे ठेवले. "हे घ्या साहेब. नुसतं दिसलं तरी समोरचा मागं सरकतो."

"दिसायलाच नको आहे," उज्वलाताई म्हणाल्या. "घरात सहा वर्षांची पोरगी आहे. तिला यातलं काही कळता कामा नये. घाबरून जाईल ती."

मग सोमनाथरावांनी एकेक पिस्तूल उजव्या कमरेला खोचून वरून अंगातल्या सफारी सूटचा शर्ट ओढून पाहिला. आरशासमोर वळले, वाकले, स्टुलावर बसून पाहिले. सगळी कुठे ना कुठे फुगत होती. माझी पाळी आली तेव्हा उज्वलाताईंनी त्यांना चारी बाजूंनी निरखले आणि म्हणाल्या, "हे मात्र अजिबात कळत नाही." झाले, माझी निवड झाली. त्या दिवशी मी केवढा फुशारलो होतो, काय सांगू!

त्यांचे घर सिडकोत होते. संध्याकाळी स्कूटरचा आवाज आला की त्यांची मुलगी तृप्ती धावत सुटायची आणि बापाच्या कमरेला मिठी मारायची. मी आलो त्या संध्याकाळीही ती तशीच धावत आली. सोमनाथरावांनी हात आडवा धरला. "थांब, थांब. आधी हातपाय धुऊ दे." तिचे कपाळ त्यांच्या तळहाताला टेकले आणि ती तिथेच उभी राहिली. ते लगबगीने आत गेले, मला कपाटात ठेवून कुलूप लावले, किल्ली लपवली आणि हात पसरून बाहेर आले. तोवर पोरगी खेळायला निघून गेली होती.

असे रोज होऊ लागले. काही दिवसांनी तिने धावणे सोडले. ती फाटकाशी उभी राहून नुसती हसायची. पुढे तेही बंद झाले.

ती थोडी मोठी झाली आणि स्कूटरवर मागे बसू लागली. शाळेत जाताना तिने मागून बापाची कंबर धरली. तिची बोटे माझ्या अगदी जवळ आली होती. "कंबर नको धरूस. मागची स्टेपनी धर," सोमनाथराव म्हणाले. शाळा येईपर्यंत बिचारी हात पाठीमागे वळवून बसली होती.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांना झेंडूचे हार पडत, साध्या पान्यालाही कुंकू लागे. मी मात्र त्यांच्या कमरेला गुदमरत असे. पण माझ्या मानापमानाचे सोडा. खरे दुःख निवडणुकांनी दिले.

निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. त्या वर्षांत निवडणुका तरी किती आल्या! मी ठाण्यात चिठ्ठी बांधून पडलेला असे आणि इकडे सोमनाथरावांचे हात मोकळे असत. हे मला कळले ते एकदा परत आल्यावर. मला कपाटात ठेवताना उज्वलाताई हलक्या आवाजात त्यांना म्हणाल्या, "तृप्ती काय विचारत होती माहीत आहे? म्हणे, निवडणूक आली की बाबा लाड करतात, मग पुन्हा रागावतात. मी काय केलेलं असतं गं?"

सोमनाथरावांनी कपाटाला कुलूप लावले.

"सांगून टाकू या का तिला?" उज्वलाताईंनी विचारले.

"आत्ता नको. शाळेत बोलून जाईल," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा कमरेला लावले.

मारणारी माणसे पुन्हा कधीच आली नाहीत. माझा चाप एकदाही ओढला गेला नाही. तरी माझ्याकडून इजा झाली, आणि ती ज्या मुलीसाठी मला एवढे लपवले तिलाच झाली.

२००६ साली तृप्ती शिकायला पुण्याला निघाली. रिक्षा दाराशी उभी होती. सोमनाथरावांनी घाईने मला काढून कपाटात टाकले. कपाट उघडेच राहिले. ते हात पसरून तिच्याकडे गेले. तिने सवयीने लांबूनच वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "येते, बाबा." मग ती वळून आईच्या गळ्यात पडली आणि कितीतरी वेळ तशीच राहिली.

"तृप्ती, इकडे ये," सोमनाथराव म्हणाले. त्यांनी तिला कपाटाशी आणून मला दाखवले. "हे असायचं माझ्या कमरेला. म्हणून तुला जवळ येऊ देत नव्हतो. तुला कळू नये म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिले. ती घाबरली नाही. तिचे डोळे भरून आले होते.

"मग सांगायचं ना, बाबा," ती म्हणाली. "मी डावीकडून मिठी मारली असती."

त्यांनी तिला जवळ घेतले. पण सवय मोडलेली होती. हात कुठे ठेवावेत ते दोघांनाही कळेना. रिक्षावाल्याने हॉर्न दिला आणि ती निघाली. पुढच्याच आठवड्यात सोमनाथरावांनी मला परवान्यासह ठाण्यात कायमचे जमा करून टाकले.

मित्रांनो, मोठ्या माणसांना भीती वाटते आणि ती तुमच्यापासून लपवताना कधीकधी ते तुम्हालाच दूर ढकलतात. तुमच्या घरी कोणी असा हात आडवा धरला, तर रुसून खेळायला निघून जाऊ नका. दाराशी थोडे थांबा. त्यांना कपाट बंद करून यायला वेळ लागतो.