डावीकडची जागा

त्र्यंबकराव हे विहंगचे पणजोबा. त्यांनी नाशिकच्या कोर्टात चाळीस वर्षे वकिली केली आणि चाळीसही वर्षे सायकलवरून केली. त्यांचे चिरंजीव शामसुंदर, विहंगचे आजोबा, म्हणजे माझे यजमान. हे नाव मी आजवर उखाण्याबाहेर उच्चारलेले नाही. येथे वंशक्रम सांगायचा म्हणून लिहिते. त्यांचा मुलगा शेखर. त्याला गाडीत पेट्रोल भरण्यापलीकडे गाडीतले काही कळत नाही. आणि शेखरचा मुलगा विहंग. याला घरी बसून नोकरी करण्याची मुभा मिळाली, आणि पहिल्याच रविवारी त्याने गंगापूर रोडवरच्या आमच्या बंगल्यामागील गॅरेजचे गंजलेले कुलूप तोडले.

आत त्याच्या आजोबांची गाडी होती. विलायती बनावटीची, लाल, ठेंगणी, कापडी टपाची, शर्यतीची म्हणून ओळखली जाणारी. तिच्यात दोनच माणसे बसतात. चालवणारा उजवीकडे आणि डावीकडे आणखी एक. पुढे जे घडले ते सारे या दुसऱ्या जागेवरून घडले.

माझ्या लग्नाला पाच वर्षे झाली तेव्हा ही गाडी घरात आली. तिच्यामागोमाग कारभारी आला. देवळ्याचा, वीस-बावीस वर्षांचा, पेशाने फिटर. यजमान एकदा गॅरेजमध्ये शिरले की जेवणासाठी तीन हाका माराव्या लागत आणि तिसऱ्या हाकेला उत्तर द्यायचा कारभारी. माझ्याशी हे दिवसाकाठी दहा वाक्ये बोलत. कारभारीशी एका कार्बोरेटरवर दोन तास. मी मोजलेले आहे.

यजमान गेल्यावर गाडी ताडपत्रीखाली गेली. गिऱ्हाइके पुष्कळ आली, मी विकली नाही. लोक म्हणाले, पतीची आठवण जपली. तसे काही नव्हते. त्या डावीकडच्या जागेवर दुसरी कोणी बाई बसलेली मला पाहवली नसती.

विहंगने सातपूरला चौकशी करून, कारखान्यातून केव्हाच निवृत्त झालेल्या कारभारीला शोधून आणले. केस पांढरे, चष्मा जाड, पण उकिडवे बसण्याची रीत तीच. महिनाभरात माझ्या संध्याकाळी गेल्या. पूर्वी विहंग पाच वाजता माझ्यापाशी चहा घेई, वर्तमानपत्रातले मथळे वाचून दाखवी. आता दोन कप गॅरेजमध्ये जाऊ लागले. एकदा मी स्वतः तेथे जाऊन दारात उभी राहिले.

"बाईसाहेब, वाईच उजेड सोडा," कारभारी मान वर न करता म्हणाला.

"काय म्हणालास?"

"आजी, काका बरोबर सांगतायत. तुझी सावली पडतेय," विहंग हसत म्हणाला.

काका! माझ्या घरात मला बाजूला सरकायला गेल्या पन्नास वर्षांत कोणी सांगितले नव्हते. मी सरकले, पण तेथून हलले नाही.

भाद्रपदाच्या अखेरीस एके दुपारी जेवताना विहंग म्हणाला, "आजी, दसऱ्याला गाडी रस्त्यावर. पहिल्या फेरीला शेजारी काका. आवाज कुठून येतो ते त्यांनाच कळणार."

"आणि मी?"

"तुला दुसऱ्या फेरीत नेतो ना."

"दुसऱ्या," मी म्हणाले आणि ताटातला भात तसाच ठेवून उठले.

त्या वेळी इंजिन पूर्ण उघडलेले होते. गॅरेजच्या फरशीवर जुनी चादर अंथरून कारभारीने एकेक भाग ओळीने मांडला होता. मी खिडकीशी असताना त्याने विहंगला शिकवलेले मी ऐकले होते. "हे आठ टॅपेट बघ, झडपा उचलनारे. दिसायला जुळे, पन हरेक आपल्या घरात घासून बसलाय. शेजाऱ्याच्या घरात घातला का कुरकुर करनार. म्हनून वळ मोडायची नाय."

घटस्थापनेच्या आधी घर धुऊन काढण्याची आमच्याकडे रीत आहे. सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी घट बसतात, म्हणून मी दोन दिवस आधीच घर उपसायला काढले. विहंग कारभारीला घेऊन रंग आणायला गेला होता.

"लंकाबाई, गॅरेजही धुऊन घे," मी आमच्या कामवालीला सांगितले.

"बाईसाहेब, त्या चादरीवरचं लोखंड?"

"बादलीत भर."

"समदं एकाच बादलीत?"

"एकाच."

मला ठाऊक होते मी काय करते आहे. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी अजाणतेपणाचा आव आणण्यात अर्थ नाही.

विहंग परतला. बादली पाहून तो असा ओरडला की लंकाबाईच्या हातून केरसुणी पडली. "कोणी केलं हे? कोणी सांगितलं तुम्हाला?"

लंकाबाईने माझ्याकडे पाहिले. मी तोंड उघडण्याआधीच कारभारी पुढे झाला.

"तिच्यावर ओरडू नको रे. मीच म्हनलो हुतो, सनाचं धुऊन घ्या. चादर उचलून ठिवायची राहिली. म्हातारपन, दुसरं काय!"

"काका, तुम्ही? तुम्ही असं कराल?"

"केलं ना पन! बस आता, निवडू."

त्याने एकदाच माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मी तो मोडून काढला असता.

नवरात्राचे दिवस तसे गेले. मी देवघरात अखंड दिव्याची वात सांभाळत होते आणि मागे गॅरेजमध्ये कारभारी बादलीपुढे बसला होता. एक टॅपेट उचलायचा, भोकात सोडायचा, अंगठ्याने फिरवायचा, डोळे मिटून थांबायचे, मान हलवून काढायचा. मग दुसरा. विहंग त्याच्या बाजूला मांडी घालून बसून असे. माझ्या वाट्याला आरतीपुरता येई.

आठव्या माळेला मी चहा स्वतः घेऊन गेले. विहंग त्याच्या कामाच्या फोनवर होता.

"कारभारी, खोटे का बोललास?"

"पोरगं तुमच्यावर रागावलं असतं. या वयात घरातल्या पोराचा राग लय लागतो, बाईसाहेब." त्याने कप घेतला. "आन पयल्या फेरीला तुमीच बसा. सांगितलंय मी त्याला. मला काय, इतकी वर्सं थांबलो."

थांबलो हा शब्द त्याने टोचण्यासाठी वापरला नव्हता. तरी तो टोचला.

एकाहत्तर सालचा दसरा होता. कारभारीने सहा महिने खपून हेच इंजिन नव्याने बांधले होते आणि यजमानांनी त्याला शब्द दिला होता, की पहिली फेरी देवळ्याची. तुझ्या आईच्या दारात तुला या गाडीतून उतरवीन. सकाळी कारभारी पांढरा सदरा घालून, पेढ्यांची पुडी घेऊन फाटकाशी उभा होता. मी बाहेर आले, डावीकडचे दार उघडले, बसले आणि म्हणाले, "त्र्यंबकेश्वराला चला." यजमानांनी दोघांकडे पाहिले. मग गाडी सुरू केली. ते मला कधी नाही म्हणत नसत. त्यांनी कधी आपणहून नेलेही नाही.

"तुझ्या आईला काय सांगितलेस?" मी विचारले. बावन्न वर्षांनी विचारले.

"एसटीनं पोचलो दिवस मावळता. ती ओवाळनीचं ताट घिऊन सकाळपासून दारात. शेजारपाजार गोळा केलेला. मला म्हनली, गाडी कुठं शे?" तो हसला. "पुढल्या वर्साला गेली."

येथे मला दया यावी हे रीतसर झाले असते. खरे सांगायचे तर प्रथम मत्सरच आला. मला यजमानांनी असा एकही शब्द दिला नव्हता. पण जो शब्द माझ्या हट्टापायी मोडला, त्याचे देणे आता माझ्याकडेच होते. यजमान फेडायला उरले नव्हते.

दसऱ्याला सकाळी इंजिन सुरू झाले. कुरकुर नाही, खडखड नाही. विहंगने चाकांखाली लिंबे ठेवली, झेंडूचा हार घातला आणि माझ्यासाठी डावीकडचे दार उघडून धरले.

"चल आजी! काका ऐकतच नाहीत. पहिली फेरी तुझी."

कातड्याचे नवे आसन उन्हात तांबूस दिसत होते. मी त्यासाठीच जरीची साडी नेसले होते. पाऊल उचलले सुद्धा होते.

"कारभारी, बस."

"नको, बाईसाहेब. तुमी..."

"मी विचारले नाही. सांगितले आहे. विहंग, देवळ्याला जायचे. याच्या घराच्या दारापर्यंत. आम्ही पुढे जातो. तू अर्धा तास येथेच थांब, मग नीघ. शेखर, तुझी गाडी काढ. लंकाबाई, ताम्हन घे, निरांजन घे, भाकरीचा तुकडा फडक्यात बांध."

"आई, पण देवळ्याला कशाला?" शेखर म्हणाला.

"गाडी चालव."

सोग्रस फाट्यावरून वळून भावडबारीचा घाट ओलांडला आणि आम्ही देवळ्यात पोचलो. कारभारीचे घर बंद होते. पुतण्या शेजारी राहतो, त्याने कुलूप काढले. लंकाबाईने अंगण झाडले, मी स्वतः उंबऱ्यावर पाणी शिंपडले. शेजारपाजार आपोआप गोळा झाला. मी त्यांना ओळीने उभे केले.

लाल गाडी वळणावर दिसली. टप उघडा होता. विहंग काहीतरी विचारत होता आणि कारभारी कान पुढे करून, हाताने खूण करत सांगत होता. दोघे हसले. तेव्हाही माझ्या छातीत कळ आलीच. हातातले ताम्हन मात्र मी हलू दिले नाही.

गाडी दारात थांबली. विहंगने उतरून, वळसा घालून डावीकडचे दार उघडले. कारभारी उतरला आणि मला उंबऱ्यावर पाहून जागीच उभा राहिला.

"बाईसाहेब, हे..."

"बोलू नकोस. पूर्वेला तोंड कर."

मी त्याला कुंकू लावले, अक्षता लावल्या, निरांजन ओवाळले. भाकरीचा तुकडा त्याच्यावरून आणि मग गाडीवरूनही उतरवून टाकला. घरातल्या पुरुषांखेरीज मी कोणाला ओवाळले नव्हते. माझा हात संथ फिरला, चुकला नाही.

त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग आतल्या अंधाऱ्या खोलीकडे पाहून, आईच्या बोलीत, मोठ्याने म्हणाला, "माय, उनू वं मी. गाडी लयनू." आलो, गाडी आणली, एवढेच.

मी उंबऱ्यावरून बाजूला सरकले, त्याचा उजेड सोडला, आणि तो घरात गेला.