खरखर कुणाला ऐकू येते?

नवा लॅपटॉप घरात आला तेव्हा आमच्या ह्यांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "पातळ आहे." ह्यांच्या कौतुकाची मजल एवढीच. मला बघायला आले होते तेव्हाही घरी जाऊन बहुधा असंच एखादं वाक्य बोलले असतील.

लॅपटॉप धाकट्याने दिला होता. धाकटा म्हणजे माझा भाऊ. त्याची एक रेकॉर्डिंगची खोली आहे. खोली माझी, कान ताईचे, असं तो स्वतःच लोकांना सांगायचा. तिथे माणसं येऊन पुस्तकं वाचतात आणि ती ऐकायची पुस्तकं म्हणून बाहेर पडतात. यंत्रं धाकटा सांभाळतो. मी मागाहून बसून सगळं साफ करते. वाचणाऱ्याने गिळलेला आवंढा, जिभेचा चट् आवाज, पानाची सळसळ, खुर्चीची कुरकुर. माणूस कितीही भारदस्त असो, माइकसमोर त्याचं पोट बोलतंच. ते वेचून काढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. ऐकणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, आणि ते न कळणं हीच माझ्या कामाची पावती.

"ताई, आता घरूनच करत जा," धाकटा म्हणाला. "किती दिवस जिने चढणार आहेस? गुडघे बघ तुझे."

मला भरून आलं. भाऊ असावा तर असा, असं मी शेजारणीला सांगूनही आले. आता तिच्यासमोरून जाताना मी मान खाली घालते.

पहिलीच फाइल लावली. खर्जातल्या आवाजाचा एक गृहस्थ वाचत होता. वाक्य छान चढलं, छान उतरलं, आणि शेवटच्या शब्दाला खर्रर्र. मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा खर्रर्र. पुढच्या वाक्यात काही नाही, त्याच्या पुढच्यात परत. जणू कोणीतरी आत बसून सुपारी कातरत होतं.

मग सुरू झाली माझी झटापट. आधी बंद करून चालू केला. जगातल्या सगळ्या यंत्रांना हा एकच काढा लागू पडतो अशी लोकांची श्रद्धा आहे. फरक शून्य. मग आवाज चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम काढून नव्याने टाकला. सेटिंगमध्ये आवाज सुधारण्याची कसलीशी सोय न विचारता चालू होती, ती बंद केली. न विचारता सुधारायला येणारे मला माणसांतही आवडत नाहीत. चार्जर काढून पाहिला, वायफाय बंद करून पाहिलं, स्पीकरच्या जाळीवरून मऊ ब्रश फिरवला. टेबलावर ठेवला, गादीवर ठेवला, मांडीवर घेतला. खरखर आपली जागच्या जागी. हेडफोन लावले की मात्र आवाज स्वच्छ, धुतल्यासारखा.

म्हणजे स्पीकरच बिघडलेला, हे शेंबडं पोरही सांगेल. पण काम हेडफोनवर करून भागत नाही. शेवटचं ऐकणं मोकळ्या स्पीकरवरच करायचं, असा आमचा नियम आहे. ऐकणारा स्वयंपाक करता करता ऐकतो, तो काय कानाला टोपणं लावून बसत नाही. मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी नीट ऐकलं आणि सांगितलं, "बरा वाचतोय." ह्यांचा टीव्ही रस्त्यापलीकडच्या केशकर्तनालयात ऐकू जातो, तेव्हा ही साक्ष मी धरली नाही. धाकट्याला बोलावलं.

तो आला, चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसला. मी फाइल लावली. एकदा लावली, दोनदा लावली. त्याचा चेहरा कोरा.

"अरे, शेवटच्या शब्दाला बघ. खरखरतंय ना?"

"अं?"

"अं काय! का माझेच कान गेले आता?" मी हसत म्हणाले.

तो लॅपटॉपकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मला तर काहीच ऐकू येत नाही, ताई."

दुसरं कोणीही असतं तर मी उडवून लावलं असतं. पण धाकट्याचा कान मला ठाऊक आहे. बंद खोलीत ट्यूबलाइट गुणगुणायला लागली तर माझ्याआधी त्याला कळतं. या जगात माझ्या कानांपेक्षा जास्त भरवसा मी ज्या एका कानावर ठेवते, तो त्याचा.

लॅपटॉपच्या दुकानात गेले. ते भर बाजारात, बाहेर गाड्यांचा कलकलाट. दुकानदाराने ढोलताशांचा दणदणाट असलेलं गाणं लावलं आणि विचारलं, "कुठाय खरखर?" त्या गोंगाटात मलाही ऐकू येईना. साधं बोलणं लावा म्हटलं, तर त्याने बातम्या लावल्या, बाई बारीक आवाजाची. बारीक आवाजाला कशाला खरखरेल? सैल स्पीकर थरथरतो तो खर्जाला. "मावशी, पीस एकदम ओके आहे," तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी धाकट्याला म्हटलं, तुझा चांगला माइक घेऊन ये, हा आवाज रेकॉर्डच करून बघू, म्हणजे दूध का दूध होईल. तो म्हणाला आणतो. पुढच्या खेपेला विसरला. त्याच्या पुढच्या खेपेलाही विसरला. यंत्रांच्या बाबतीत तो कधी काही विसरत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

शेवटी कानाच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी बंद पेटीत बसवून बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या. म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम, अगदी वरच्या पट्टीत जरासं कमी. मी खरखरीचं विचारलं, हेडफोनवर ती येत नाही हेही सांगितलं. "असे आवाज कधी कधी कानातच तयार होतात," ते म्हणाले, "लक्ष ठेवू." मी धाकट्याला हे सांगितलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चालायचंच, ताई," म्हणाला.

त्या दिवसापासून माझी वाताहत सुरू झाली. फाइल साफ करावी आणि वाटावं, आपण काढायचं काहीतरी ठेवलंय, ठेवायचं काहीतरी पुसलंय. कुकरची शिटी झाली तरी ह्यांना विचारायचे, झाली ना? हे म्हणायचे, मला काय विचारतेस? जन्मभर ज्याच्या जोरावर ताठ मानेने जगले, तेच फितूर झालं, असं वाटायचं. मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे.

अशातच अंधशाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. मुलांसाठी सगळ्या इयत्तांचे धडे त्यांना ऐकण्याजोगे करून हवे होते. शिक्षकच वाचणार होते, आणि साफ करायला त्यांना मीच हवी होते. "आमची मुलं कानांनीच बघतात, तुमच्याशिवाय कुणाच्या हाती कसं देऊ?" असं त्या म्हणाल्या. असं काम मी मागून घेतलं असतं. पण मुलं कानांनी बघतात म्हणूनच माझी हिंमत होईना. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, बाई, माझे कान आता भरवशाचे राहिलेले नाहीत, दुसरं कोणीतरी बघा. त्यांना वाईट वाटलं. मला किती वाटलं, ते मी इथे लिहीत नाही. धाकटा तेव्हा माझ्यासमोरच बसला होता, चहा पीत.

मग मी ठरवलं, आता पुरे. उरलेल्या फाइली परत द्यायच्या आणि लॅपटॉपही. दुपारी धाकटा घ्यायला आला. हे आत वामकुक्षी करत होते. कुठवर काम झालंय ते दाखवायला मी शेवटची फाइल लावली.

आता इथे आमच्या धंद्यातली एक सवय सांगायला हवी. माणूस वाचत असताना खोलीत कोणी बोलू शकत नाही, बोललं की सगळंच वाया. म्हणून मध्ये काही खुट्ट झालं, की ज्याला ऐकू येईल त्याने नुसतं बोट वर करायचं. वाचणारा थांबतो, मागचं वाक्य पुन्हा घेतो. आम्हा दोघांच्या हाडात ही सवय इतकी मुरली आहे, की लग्नकार्यात माइक कुईं करतो तेव्हाही आमची बोटं वर जातात आणि लोक हसतात.

फाइल चालू होती. धाकट्याचा हात टेबलावर होता. त्याच खर्जातल्या गृहस्थाचं वाक्य उतरलं, खर्रर्र झालं, आणि धाकट्याचं बोट वर गेलं.

मी मागे जाऊन तेच वाक्य लावलं. खर्रर्र. बोट उठलं, अर्ध्यात थांबलं. तिसऱ्यांदा लावायला गेले तेव्हा त्याने हात उचलून मांडीखाली घातला.

"हात बाहेर काढ," मी म्हणाले.

त्याने काढला नाही.

"कधीपासून ऐकू येतंय तुला?"

त्याने हात बाहेर काढला. मग म्हणाला, "पहिल्या दिवसापासून."

मला आधी काय वाटलं असेल? राग नाही. आनंद झाला. माझे कान शाबूत होते! क्षणभर त्याला मिठी मारावीशी वाटली. मग बाकीचं सगळं लक्षात यायला लागलं.

"का रे?"

"काम संपलंय, ताई. प्रकाशकांनी यंत्राचा आवाज घेतलाय. आता माणूस वाचतच नाही. त्या आवाजाला श्वास नाही, थुंकी नाही, पोट नाही. साफ करायला उरतच नाही काही."

"मग मी इतके दिवस काय साफ करतेय?"

"जुन्या फाइली. कधी बाहेर न पडलेल्या."

मी लॅपटॉपकडे पाहिलं. रोज सकाळी अंघोळ करून, केस विंचरून मी त्याच्यासमोर बसत होते.

"तुला कसं सांगू तेच सुचत नव्हतं," तो म्हणाला. "आणि त्या दिवशी तूच हसत म्हणालीस, माझे कान गेले का म्हणून. मला वाटलं, हे बरं. कान काय, वयाने जातात. त्यात कोणाचा दोष नसतो. काम गेलं म्हटलं असतं तर तू खचली असतीस."

"म्हणजे मी बहिरी झाले की तुला शांत झोप."

"तसं नाही गं ताई."

"मग कसं? त्या पेटीत जाऊन बसले मी, शिट्ट्या ऐकत. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास."

तो रडायला लागला. लहानपणीही तो असाच करायचा, फोडायचं स्वतः आणि वर रडायचंही स्वतःच. तेव्हा मी त्याला पदराआड घ्यायचे. आता मी उठून खिडकी लावून घेतली, कारण शेजारीण बाहेर झाडाला पाणी घालत होती.

"अंधशाळेचं काम मी तुझ्यादेखत नाकारलं," मी म्हणाले. "ते तर यंत्राचं नव्हतं."

"मी बोलणारच होतो."

"मग?"

"मग तू फोन ठेवलास."

यावर मी त्याला काय काय बोलले ते सांगत नाही. आई असती तर तिनेही कानांवर हात ठेवले असते. आवाजाने हेसुद्धा जागे झाले, यावरून समजा. धाकटा लॅपटॉप घेऊन गेला आणि दुरुस्त करून ह्यांच्या हाती देऊन गेला, दारातूनच. डावीकडचा स्पीकर सैल बसवला होता म्हणे. मी तो अजून उघडलेला नाही.

त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंधशाळेत फोन लावला. बाईंनीच उचलला. मी म्हटलं, "बाई, मी बोलतेय. माझे कान ठीक आहेत. लॅपटॉपच बिघडलेला होता, माझा गैरसमज झाला. काम अजून कोणाला दिलं नसेल तर मी करते."

मग बाई बोलल्या, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, जसं आपण म्हाताऱ्या आजोबांशी बोलतो तसं.

"ताई, काम, दिलं, आम्ही. तुम्ही, काळजी, करू नका. तुमचा प्रामाणिकपणा, मी, सगळ्यांना, सांगितला. बाकीच्या संस्थांनाही सांगितलं!"

"अहो बाई, खरंच माझे कान चांगले आहेत. डॉक्टरसुद्धा म्हणाले."

"हो हो! एक मिनिट हं!"

त्यांनी फोनवर हात ठेवला. हात नीट बसला नव्हता. मागे खुर्ची सरकली, कोणीतरी कपाटाचं दार लावलं, आणि बाई कोणाला तरी हळू आवाजात म्हणाल्या, "त्याच गं, कान गेलेल्या. मान्यच करवत नाही बिचारीला." त्यावर कोणीतरी जिभेने चट् केलं. तेही मला ऐकू आलं.

मग त्यांनी हात काढला. "ताई!" त्या ओरडल्या. "येतंय का ऐकू?"

मी फोन कानापासून लांब धरला आणि हो म्हटलं.