उणे अठरा

…आणि पेनाच्या टोपणावर दातांचे ठसे होते. त्याचेच. इतके महिने ते पेन रजिस्टरला सुतळीनं बांधलेलं होतं, रोज हातात यायचं, पण ते चघळलेलं टोपण मारुतीच्या नजरेत भरलं ते आज, मॅडमच्या गोऱ्या बोटांमध्ये. उठावं, टोपण काढून खिशात घालावं असं त्याला वाटलं. पण पाहणीला आलेल्या बाईच्या हातातून टोपण हिसकावणारा माणूस कसा दिसेल? तो मोरीच्या कट्ट्याला टेकून उभाच राहिला आणि आपल्या दातांकडे बघत राहिला.

अनघा मॅडम जिल्ह्याच्या ऑफिसातून आल्या होत्या. वय असेल तिशीच्या आतबाहेर. आंबीसारख्या गावात येऊन, घराला लागून काढलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरताना त्यांनी स्वतःहून पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या, डोक्याला टोपी घातली, आणि पहिल्याच वाक्यात त्याला काका म्हणाल्या. तिथंच मारुतीचा अर्धा धीर खचला. खेकसणारा साहेब आला असता तर बरं झालं असतं. बावीस वर्षं कंपनीत असल्या साहेबांसमोर मान खाली घालून उभं राहायची सवय होती. गोड बोलणाऱ्या माणसापुढं करायचं काय, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मॅडमनी पुरुषभर उंच लावलेल्या टाइल्स बघितल्या, जाळ्या बघितल्या, नळाच्या पाण्याचा दाखला बघितला. तळेगावच्या परवानावाल्या दुकानातून साफ होऊन येणारं मटण-चिकन, त्याचे तुकडे करायचं टेबल, राजेश्वरीनं — त्याच्या बायकोनं — वाटलेल्या मसाल्याचे डबे, शिक्क्याची पाकिटं. ही पाकिटं लोणावळ्याला जायची, कुसगावच्या हॉटेलांत, तुंगार्लीच्या बंगल्यांत, शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं अंगणात कोळसे पेटवून भाजून खायची तिथं. आणि शेवटी मॅडम त्या आडव्या डीप फ्रीजरपाशी आल्या, ज्याला घरात सगळे पेटी म्हणत. दोन पाकिटांच्या मध्ये तापमापकाची सुई सरकवून त्यांनी आकडा बघितला, मान हलवली. छान.

आजच्या कागदावर मॅडमची शिफारस पडली की अनुदानाचा अर्ज पुढं सरकणार होता. मोठा फ्रीजर. आणि जनरेटर. मारुतीला हवा होता तो जनरेटर. फ्रीजर नसता मिळाला तरी चाललं असतं. जनरेटर हवा होता. जनरेटर आला की मग — मग तसं पुन्हा होणार नाही. हे 'तसं' त्यानं मे महिन्यापासून मनातसुद्धा पुरतं उच्चारलं नव्हतं. ते तसंच, 'तसं' म्हणूनच, आत पडून होतं.

"आजी, हे कुंकू तुम्ही लावलंत?" पेटीच्या झाकणावरचा वाळलेला ठिपका बघून मॅडमनी विचारलं.

दाराशी बसलेली बयाबाई, मारुतीची आई, सकाळपासून कुणीतरी आपल्याला विचारावं म्हणून वाट बघत होती. "व्हय. दसऱ्याला पुजली ना पेटी. त्याच्या आधी नऊ दिस रिकामी व्हती, मिठाच्या पान्यानं धुऊन काढली. आमच्या देवघराची भित आन ही भित येकच हाय, घट बसल्यावर हितं मास कसं ठिवायचं? झाकनाला लाटनं लावून उगडी टाकलीती, बटनसुदिक बंद. नेम म्हंजी नेम."

"नऊच्या नऊ दिवस?"

"येक दिस न्हाई चुकला," बयाबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा अभिमानानं उजळला.

 मारुतीला आईचा राग आला, मग स्वतःचाच आला. मॅडमनी रजिस्टरची पानं मागं मागं उलटली — सप्टेंबर. घटस्थापना. रोजच्या चार वेळा, पेटीच्या तापमानाचे चार आकडे. सकाळी आठ, उणे अठरा. दुपारी बारा, उणे अठरा. चार वाजता, रात्री आठ. अष्टमीला उणे अठरा, नवमीला उणे अठरा. उघड्या झाकणाच्या, लाटणं लावलेल्या, बंद पेटीत नऊ दिवस बर्फाळ गारठा. अक्षर मात्र मोत्यासारखं. बावीस वर्षं त्यानं हेच केलं होतं — कंपनीतल्या भट्टीचं रजिस्टर तो शनिवारी एका बैठकीत आठवड्याचं भरून टाकायचा, सगळेच टाकायचे, सुपरवायझर स्वतः येऊन सांगायचा, मारुती, भरून ठेव रे, साहेब येतायत. रजिस्टर हे भरायचं असतं. त्यात बघून लिहायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी काय जगावेगळं केलं? रविवारी संध्याकाळी चहा घेत घेत पुढचा आठवडा लिहून टाकला. सणवार बघितले नाहीत, एवढंच चुकलं. आणि वार… गुरुवार बघितला नाही.

गुरुवार.

तो विचार आला तसा त्यानं परतवायला बघितला, पण मॅडमचं बोट पानांच्या कडेवरून खाली सरकत होतं, ऑगस्ट, जुलै, जून, आणि त्या बोटाबरोबर तोही खाली खाली जात राहिला. मे. राजेश्वरीच्या भाचीचं लग्न होतं कामशेतला, घराला कुलूप, बयाबाईसुद्धा नवं लुगडं नेसून जीपमध्ये पुढं बसलेली. गुरुवार म्हणजे लाइनच्या कामाचा वार; सकाळी गेलेली वीज संध्याकाळी आली, हे परतल्यावर शेजाऱ्यानं सांगितलं. पेटी घरघरत होती. त्यानं झाकण उघडलं, वरचं पाकीट अंगठ्यानं दाबलं — आणि अंगठा आत गेला. अजूनही जातो. भाकरीचं पीठ मळताना राजेश्वरीचा अंगठा पिठात जातो तेव्हा तो दुसरीकडे बघतो.

"टाकून द्या," राजेश्वरी म्हणाली होती, दारातच, लग्नातला गजरा डोक्यात.

"गार हाय अजून," तो म्हणाला होता.

सकाळपर्यंत पाकिटं पुन्हा दगड झाली. दगडावर संशय कसला घ्यायचा? शनिवारी ती तुंगार्लीला गेली, आणि रविवारी दुपारी फोन आला. कोंडाजीचा, बंगल्याच्या राखणदाराचा; गरीब स्वभावाचा माणूस, आवाज चढवणं माहीत नाही. "मारुतीभाऊ, पाव्हन्यांची पोरगी रातीपासनं लय वकतीय. आता पुन्याला न्हेली दवाखान्यात. तुमच्या पाकिटातलंच खाल्लतं, म्हनून इचारतो, राग नका मानू."

आणि मारुती चटकन, विचार न करता, जणू उत्तर तोंडात तयारच होतं असा बोलला होता — "आपला माल ताजा असतोय. पानी बादलं आसंल. टाकी कवा धुतलीती तुमी?"

 टाकी धुणं हे कोंडाजीचं काम होतं. "बगतो," एवढंच तो म्हणाला. महिनाभरानं बाजारात कळलं, कोंडाजीला बंगल्यावरून काढलं. टाकीपायी. पोरीचं काय झालं ते सांगणाऱ्याला माहीत नव्हतं, आणि मारुतीनं विचारलं नाही. तिथून पुढं तुंगार्लीची पाकिटं तो टेम्पोवाल्याकडं द्यायला लागला.

"काका."

मॅडमनी रजिस्टर मिटलं होतं. बोट आत तसंच ठेवून. सप्टेंबरातच… की मेमध्ये? त्याला दिसेना.

"हे बघा, रिकाम्या पेटीचं तापमान लिहिलंत. चुकीचंच आहे, पण त्यातून कुणाच्या पोटात काही गेलेलं नाही. मी अर्ज अडवणार नाही. या नऊ दिवसांवर आडवी रेघ मारा, 'सणामुळे बंद' लिहा, सही करा. आणि पुढं बघून लिहायचं, बघितल्याशिवाय नाही." त्या थांबल्या. "फक्त बाकीच्या पानांचं मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. ती खरी आहेत ना?"

मसाल्याच्या टेबलाशी राजेश्वरीचा हात थांबला. तिनं वर बघितलं नाही.

किती सोपं विचारलं होतं. ओरडून नाही, पकडून नाही. मेपासून तो याच प्रश्नाला घाबरत आला होता. दारात मोटार थांबली की, अनोळखी नंबर आला की, कुणी नुसतं 'मारुती आहे का' म्हटलं की. आणि प्रश्न आला तो असा, पाव्हणीनं पाणी मागावं तसा. सांगावं. आत्ताच. एक पान न्हाई खरं, म्हणावं. मग शिफारस जाईल, जनरेटर जाईल, परवानाही जाईल बहुतेक, आणि या बाईच्या तोंडावरचं ते काका… पण जनरेटर नसला तर पुन्हा गुरुवार येणारच की. पुन्हा तसं होऊ नये म्हणूनच तर—

"व्हय," तो म्हणाला. "खरी हायत."

आवाज कापला नाही. टाकी कवा धुतलीती तुमी, तोच आवाज. त्याला तो ओळखू आला.

मॅडमनी लिहिलं. चहा घेतला, बयाबाईच्या पाया पडल्या, फाटकाशी वळून म्हणाल्या, "खोटं लिहायला जमत नाही तुम्हाला काका, म्हणून तर सापडलात." आणि हसल्या.

"बाई लय गुनाची," बयाबाई म्हणाली.

राजेश्वरीनं कप विसळून पालथा घातला. तिच्याशी बोलावं म्हणून तो जवळ गेला, तर तिनं मसाल्याचं झाकण घट्ट बसवलं आणि त्याच्याकडं न बघताच म्हणाली, "जनरेटर येनार मग."

"येनार."

"कोंडाजीभाऊ आता कुटं आस्त्यात?"

 मसाल्याचा डबा उचलून ती घरात गेली.

तो रजिस्टर घेऊन बसला. पट्टी लावून नऊ दिवसांवर रेघा मारल्या. सणामुळे बंद. सही. मग पानं मागं नेली, मेपर्यंत, त्या गुरुवारपर्यंत. चार आकडे. सुबक. सुतळीचं पेन हातातच होतं. रेघ मारायला पट्टीही होती. पेन टेकवून तो आतली भीती चाचपायला लागला, आणि ती सापडेना. सात महिने जी उशाशी होती ती कुठं गेली? मग ध्यानात आलं — विचारणारं माणूस येऊन गेलं. विचारून झालं, उत्तर देऊन झालं, वर शिक्काही बसला. आता कुणी विचारणार नाही. कधीच नाही.

हे सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तो वाट बघत राहिला. त्याऐवजी समोर एक पोर आली, चेहरा नसलेली. केवढी असेल? कोंडाजी नुसतं पोरगी म्हणाला होता. चार वर्षांची, की दहाची? पुण्याहून ती परत आली का… आत्तापर्यंत मध्ये भीती उभी होती म्हणून ती दिसली नव्हती. आता मध्ये काहीच नव्हतं.

बाराचा भोंगा झाला, कंपन्यांच्या बाजूनं. तो उठला, पेटीपाशी गेला आणि पहिल्यांदाच वाकून काट्याकडं नीट बघितलं. उणे सतरा. पाहणी म्हणून या आठवड्याचे रकाने त्यानं कोरे ठेवले होते; परत येऊन दुपारच्या रकान्यात सतरा लिहायला पेन टेकवलं. मग वाटलं, आपण नीट बघितलं का? तो पुन्हा गेला. सतराच. माघारी आला, आणि खुर्चीत बसेपर्यंत पुन्हा खात्री वाटेना. तो पुन्हा उठला.